पानाच्या तळाशी उरलेल्या ओळी

वर्डप्रेसवर चालणारे एखादे जुने संकेतस्थळ उघडावे, कंट्रोल आणि यू या कळा दाबून पानाचा मूळ मजकूर पाहावा आणि सरळ तळाशी जावे. लेख संपलेला असतो, तळटीप संपलेली असते आणि त्याखाली, वाचकाला कधीच न दिसणाऱ्या जागेत, पाच-सात ओळींचा एक तुकडा पडलेला असतो. त्यात 'यूए' ही दोन अक्षरे, एक आडवी रेघ आणि काही आकडे असतात. कुठे 'अर्चिनट्रॅकर' असा शब्द असतो, कुठे 'पेजट्रॅकर', तर कुठे नुसते 'जीए'. ज्याने तो तुकडा तेथे चिकटवला तो माणूस बहुधा कधीच निघून गेलेला असतो. ज्यांच्या ताब्यात आज संकेतस्थळ आहे त्यांना तो काय आहे हे ठाऊक नसते, आणि काढला तर काहीतरी बिघडेल या भीतीने कोणी त्याला हात लावत नाही.

शिलालेखावर शक नसला तरी अक्षरवळणावरून त्याचा काळ अजमावता येतो. हे तुकडेही तसेच वाचता येतात. गेली काही वर्षे मी अशी पाने वाचतो आहे. संगणकशास्त्राचे शिक्षण नसलेल्या माणसाने हा उद्योग का करावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एवढेच की आपल्याकडच्या लहान संस्थांनी, हौशी संपादकांनी आणि स्थानिक इतिहासाच्या मंडळांनी गेल्या वीस वर्षांत जे काही आंतरजालावर टाकले, ते कोणी वाचले याची नोंद या तुकड्यांच्या आधारे होत होती. ती नोंद कशी होत होती, कोणाकडे जात होती आणि कशी बंद पडली, हे लिहून ठेवलेले बरे.

किर्द आणि खतावणी

मोजणीची पहिली पद्धत अगदी साधी होती. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत वेबची कल्पना १९८९ मध्ये मांडली आणि १९९१ पर्यंत ती चालती केली. तेव्हापासून सर्व्हर नावाचा प्रोग्राम आपल्याकडे आलेल्या प्रत्येक मागणीची एक ओळ फाइलीत लिहीत आला आहे: मागणी कोणत्या पत्त्यावरून आली, केव्हा आली, काय मागितले, दिले की नाही आणि दिले तर किती बाइट दिले. अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेच्या सर्व्हरमुळे या ओळीचा एक सर्वमान्य साचा ठरला आणि तो आजही चालतो. ही फाइल म्हणजे आपल्या पेढीवरची किर्द. व्यवहार झाला तसा क्रमाने उतरवलेला, त्यात निवड नाही आणि मत नाही.

किर्दीवरून खतावणी करणारे प्रोग्राम लवकरच आले. केंब्रिजमध्ये स्टीफन टर्नर यांनी १९९५ मध्ये 'अ‍ॅनालॉग' लिहिला, १९९७ मध्ये 'वेबअलायझर' आला आणि २००० च्या सुमारास 'एडब्ल्यूस्टॅट्स'. स्वस्त होस्टिंग घेणाऱ्यांच्या पॅनेलमध्ये यांतले एक-दोन आजही पडून असतात.

या खतावणीत एक मोठी गफलत होती आणि तिच्यावर कितीतरी लोकांनी फुशारक्या मारल्या. किर्दीतली प्रत्येक ओळ म्हणजे एक 'हिट'. एका पानावर वीस चित्रे असली तर पान एकदा उघडल्यावर एकवीस ओळी लिहिल्या जात. 'आमच्या साइटला महिन्याला लाखभर हिट्स मिळतात' हे वाक्य त्या काळात ज्यांनी ऐकले असेल, त्यांनी त्या लाखाला पानावरच्या चित्रांच्या संख्येने भागून पाहावे.

दुसरी अडचण उलट्या बाजूची होती. ब्राउझर आणि मधले प्रॉक्सी सर्व्हर एकदा आणलेले पान जवळ ठेवून देत आणि पुढच्या वेळी तेच दाखवत. म्हणजे वाचन झाले, पण मूळ सर्व्हरच्या दारात कोणी आलेच नाही, आणि किर्दीत ओळ पडली नाही. एका प्रॉक्सीमागे शेकडो माणसे असली तरी पत्ता एकच दिसे. किर्द खोटे बोलत नव्हती, पण तिला दारापलीकडचे दिसत नव्हते.

याच सुमारास दोन साधने जन्माला आली. नेटस्केप कंपनीत लू मोंटुली यांनी १९९४ मध्ये कुकी ही युक्ती काढली: वाचकाच्या ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवायची आणि पुढच्या भेटीत ती परत मागायची. त्याच कंपनीत ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना लिहिला. पान उघडल्यावर वाचकाच्या यंत्रावरच एखादी क्रिया चालवता येऊ लागली. मोजणी सर्व्हरच्या दारातून उठून वाचकाच्या खोलीत गेली ती या दोन साधनांमुळे.

अर्चिन

कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरात अर्चिन नावाची एक छोटी कंपनी होती. पॉल म्युरे, स्कॉट क्रॉस्बी, ब्रेट क्रॉस्बी आणि जॅक अँकोन ही तिच्या संस्थापकांची नावे. इंग्रजीत या शब्दाचा एक अर्थ उनाड पोर आणि दुसरा समुद्रातला एक काटेरी जीव. तिचे मूळ उत्पादन म्हणजे किर्दीवरून खतावणी करणारा, विकत घ्यायचा एक प्रोग्राम. पुढे त्याला एक जोड देण्यात आली: 'अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल', म्हणजेच यूटीएम.

ही जोड नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यात बीजरूपाने आहे. संकेतस्थळाच्या मालकाने दोन फाइली आपल्याच सर्व्हरवर ठेवायच्या. एक जावास्क्रिप्टची आणि दुसरी एक बिंदू लांब, एक बिंदू रुंद अशी पारदर्शक चित्राची. पान उघडले की स्क्रिप्ट चालत असे. ती कुकीतली माहिती गोळा करी आणि त्या अदृश्य चित्राची मागणी करताना ती माहिती पत्त्याच्या शेपटीला लावून पाठवी. मागणी कोठे जाई? आपल्याच सर्व्हरकडे. म्हणजे ती आपल्याच किर्दीत एक ओळ म्हणून उतरे. पान जवळच्या साठ्यातून आलेले असले तरी स्क्रिप्ट चाले आणि ओळ पडे. किर्दीचा आंधळेपणा गेला आणि वही मात्र घरातच राहिली.

मार्च २००५ मध्ये गूगलने ही कंपनी विकत घेत असल्याचे जाहीर केले. १४ नोव्हेंबर २००५ रोजी तिचेच साधन 'गूगल अ‍ॅनालिटिक्स' या नावाने सर्वांना फुकट मिळू लागले. गर्दी इतकी उसळली की आठवड्याभरातच नवी नोंदणी थांबवावी लागली, काही काळ निमंत्रणाचे संकेतांक वाटले गेले आणि ऑगस्ट २००६ मध्ये दार पुन्हा सर्वांना उघडले. तोपर्यंत ज्या गोष्टीसाठी पैसे मोजावे लागत होते ती पानाच्या तळाशी दोन ओळी चिकटवून मिळू लागली. यात एकच फरक झाला होता. ते अदृश्य चित्र आता आपल्या सर्व्हरवर नव्हते, गूगलच्या होते. ओळ त्यांच्या वहीत पडू लागली आणि खतावणीचे कागद आपल्याला पाहायला मिळू लागले.

या पहिल्या पिढीच्या स्क्रिप्टचे नाव 'अर्चिन.जेएस'. तिचा मजकूर वाचला तर वरच्या भागात सेटिंगांची यादी दिसते आणि तीत एक बारीकशी जागा आहे: शून्य म्हणजे स्थानिक, एक म्हणजे दूरचा, दोन म्हणजे दोन्ही. मूळचा आकडा एक होता. तो कोणी दोन केला असता, तर प्रत्येक भेटीची एक ओळ गूगलकडे आणि एक आपल्या किर्दीत पडली असती. पुढच्या पिढीच्या 'जीए.जेएस'मध्येही याच कामाची एक आज्ञा होती आणि वर्डप्रेसच्या काही प्लगिनांच्या सेटिंगमध्ये तिच्यासाठी चौकट देखील असे. मी पाहिलेल्या मराठी संकेतस्थळांपैकी एकावरही ती खूण केलेली आढळली नाही. फुकट मिळणाऱ्या आरशासाठी स्वतःची वही कोणी बंद करायला सांगितली नव्हती. ती आपोआप बंद झाली.

अर्चिनच्या कुक्यांविषयीही दोन शब्द सांगायला हवेत, कारण इतक्या छोट्या जागेत इतका इतिहास क्वचितच मावला असेल. त्या चार होत्या, नावांच्या शेवटी ए, बी, सी आणि झेड. 'ए'ची मुदत दोन वर्षे. तिच्यात टिंबांनी तोडलेले सहा आकडे असत: संकेतस्थळाची खूण, वाचकाला दिलेला यादृच्छिक क्रमांक, पहिल्या भेटीची वेळ, मागच्या भेटीची वेळ, या भेटीची वेळ आणि आजवरच्या भेटींची संख्या. वेळ १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत. 'बी' आणि 'सी' मिळून चालू भेट कधी संपली ते ठरवत. अर्धा तास हालचाल नाही म्हणजे भेट संपली, असा नियम होता. 'झेड' सहा महिने टिके आणि वाचक कोणत्या वाटेने आला हे सांगे. हे सगळे उघड्या अक्षरांत होते. आपला ब्राउझर उघडून कोणीही स्वतःविषयीची ती ओळ वाचू शकत असे.

पिढ्या

यानंतरचा क्रम लवकर सांगता येतो. डिसेंबर २००७ मध्ये 'जीए.जेएस' आली. डिसेंबर २००९ मध्ये तिचीच असमकालिक मांडणी आली. ऑक्टोबर २०१२ मध्ये 'युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स' जाहीर झाले, २०१३ मध्ये 'अ‍ॅनालिटिक्स.जेएस' सर्वांसाठी खुली झाली आणि एप्रिल २०१४ मध्ये तिच्यावरचा 'चाचणी' हा शिक्का निघाला. २०१७ मध्ये 'जीटॅग.जेएस'. ऑक्टोबर २०२० मध्ये चौथी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर 'यूए'ने सुरू होणारे क्रमांक जाऊन 'जी'ने सुरू होणारे आले. म्हणून पानाच्या तळाशी 'अर्चिनट्रॅकर' दिसला की ते पान किंवा निदान त्याचा साचा २००५ ते २००७ च्या दरम्यानचा, असा अंदाज करता येतो. अर्थात अंदाजच. जुना तुकडा नवा आल्यावरही वर्षानुवर्षे चालत राहिला, त्यामुळे हा पुरावा 'याच्या आधीचे नाही' एवढेच ठामपणे सांगतो.

२००९ चा बदल मात्र वरवर किरकोळ आणि प्रत्यक्षात फार खोल होता. त्याआधीचा तुकडा आधी स्क्रिप्ट मागवी, ती येईपर्यंत पान थांबे आणि मग तिच्यातली क्रिया चालवी. स्क्रिप्ट आली नाही तर ब्राउझर लगेच तक्रार नोंदवी: 'अर्चिनट्रॅकर' नावाचे काही सापडत नाही. नव्या मांडणीत पान थांबत नसे. एक रिकामी यादी तयार केली जाई आणि 'हे मोजा', 'ते मोजा' अशा सूचना चिठ्ठ्यांसारख्या तिच्यात टाकल्या जात. मागाहून स्क्रिप्ट आली की ती यादी ताब्यात घेई, साठलेल्या चिठ्ठ्या क्रमाने वाची आणि त्यापुढची प्रत्येक चिठ्ठी टाकताक्षणी पार पाडी. युक्ती सुंदर आहे. पुढच्या सगळ्या पिढ्यांनी ती उचलली. पण स्क्रिप्ट आलीच नाही तर काय होते? काहीच नाही. चिठ्ठ्या पेटीत पडत राहतात, पेटी कोणी उघडत नाही आणि कुठेही तक्रार उमटत नाही. बिघाड मुका झाला तो या दिवसापासून, असे माझे मत आहे.

प्लगिन नावाचा मध्यस्थ

वर्डप्रेस २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केले. मे २००४ च्या आवृत्तीपासून त्याला प्लगिन जोडता येऊ लागले आणि ज्याला कोडमध्ये हात घालायचा नाही त्याची मोठी सोय झाली. मोजणीचा प्लगिन काय करतो? सेटिंगमध्ये आपला क्रमांक लिहायचा, आणि पान तयार होताना थीमने ठरवून दिलेल्या दोन जागांपैकी एका जागी, माथ्यावर किंवा तळाशी, प्लगिन तो तुकडा छापतो. अर्चिनचा तुकडा तळाशी टाकण्याची शिफारस होती, २००९ नंतरचा माथ्यावर. थीम लिहिणाऱ्याने तळाच्या जागेची ती एक आज्ञा लिहायची विसरली असेल, तर प्लगिन चालू दिसतो, क्रमांक बरोबर असतो आणि पानावर मात्र काहीच उमटत नाही. हौशी थीमांच्या काळात ही तक्रार सर्वांत जास्त असे.

प्रत्येक नव्या पिढीबरोबर प्लगिन लिहिणाऱ्यांपुढे पेच उभा राहिला. जुना तुकडा काढून नवा घालावा, तर ज्यांनी त्या जुन्या तुकड्याच्या भाषेत स्वतःच्या दोन ओळी जोडल्या आहेत त्यांचे काय? कोणी पीडीएफ उतरवण्याची मोजणी जोडलेली असे, कोणी बाहेरच्या दुव्यांची. नवी स्क्रिप्ट ती भाषा समजत नाही. यादी आधी तयार केलेली असेल तर जुन्या चिठ्ठ्या कोणी न उघडणाऱ्या पेटीत पडत राहतात, नसेल तर तेवढीच ओळ त्रुटी देऊन थांबते. म्हणून प्लगिनांच्या सेटिंगमध्ये एक निवड आली: नवी पद्धत, त्याआधीची पद्धत आणि 'लेगसी'.

हा शब्द मराठीत आणताना लोक 'वारसा' म्हणतात ते मला पटत नाही. वारसा मिरवायचा असतो. संगणकाच्या जगातला लेगसी म्हणजे वडिलोपार्जित वाड्यातली मागची भिंत: पाडता येत नाही, कारण तिच्यावर कोणाचे छप्पर टेकले आहे हे ठाऊक नाही. आणि हा शब्द सरकत राहतो. २०१४ मध्ये जे नवे होते त्याच्यापुढे आज 'कालबाह्य' असे लिहिलेले असते.

काही जुन्या प्लगिनांनी, आणि त्यांच्याआधी हाताने लिहिणाऱ्यांनी, लेखातल्या दुव्यांच्या आतच मोजणीची आज्ञा कोरलेली असे. प्लगिन काढला तरी हाताने कोरलेल्या ओळी डेटाबेसमध्ये राहतात. दुव्यावर क्लिक केले की ब्राउझर पडद्यामागे त्रुटी लिहितो आणि तरीही दुवा उघडतो. वाचकाला काहीच कळत नाही.

शून्याचा अर्थ

एक उदाहरण देतो. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशा संस्था प्रत्येक जिल्ह्यात आहेत. स्थानिक इतिहासाचे एक मंडळ. त्यांनी पदरचे पैसे घालून एका बंद पडलेल्या मासिकाचे जुने अंक स्कॅन केले आणि संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात ठेवले. काही वर्षांनी अहवालात वाचकसंख्या शून्य दिसू लागली. होस्टिंगचे नूतनीकरण आले तेव्हा कार्यकारिणीत प्रश्न निघाला: कोणी वाचतच नाही, तर दरवर्षी पैसे कशाला भरायचे? ठरावाचा मसुदा तयार होता. त्याआधी एकदा पाहावे म्हणून त्यांनी मला बोलावले.

पहिली गाठ तपासणाऱ्याच्या हातातच होती. मंडळाचे चिटणीस व्यवस्थापक म्हणून लॉगिन करून पान पाहत होते आणि त्यांना तुकडा दिसतच नव्हता. आपल्याच माणसांच्या भेटी मोजल्या जाऊ नयेत म्हणून हे प्लगिन व्यवस्थापकाला तुकडा दाखवत नसत. लॉगिन न करता खासगी खिडकीत पान उघडल्यावर तो दिसला, आणि एक नव्हे, दोन दिसले.

एक थीमच्या तळाच्या फाइलीत हाताने लिहिलेला, अर्चिन काळातला. त्यात स्क्रिप्टचा पत्ता 'एचटीटीपी'ने सुरू होत होता, 'एस' नसलेला. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपी संकेतस्थळांवर 'असुरक्षित' असे लिहू लागला. त्या लाटेत होस्टिंगवाल्यांनी धडाधड संकेतस्थळे एचटीटीपीएसवर नेली, तसे हेही नेले होते. सुरक्षित पानावर असुरक्षित पत्त्याची स्क्रिप्ट ब्राउझर चालू देत नाही. त्या दिवशी मोजणी थांबली. अहवालात पहिले शून्य उमटले ते तेव्हा.

मग कोणा स्वयंसेवकाने प्लगिन बसवून मोजणी पुन्हा सुरू केली होती. तो दुसरा तुकडा, 'अ‍ॅनालिटिक्स.जेएस'चा. तो चालला, पण १ जुलै २०२३ रोजी गूगलने 'यूए' क्रमांकांच्या सामान्य खात्यांवर नवी नोंद घेणे थांबवले. ब्राउझरमधल्या नेटवर्कच्या खिडकीत पाहिले तर तुकडा इमानेइतबारे मागणी पाठवत होता आणि समोरून उत्तर येत होते: २००, म्हणजे सारे ठीक. या व्यवस्थेत ही पोच म्हणजे 'निरोप पोहोचला' एवढेच. निरोपातला मजकूर बरोबर आहे की नाही, त्याची नोंद होणार की नाही, याविषयी ती काहीच सांगत नसे. तसे त्यांच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेलेही होते. टपाल खात्याची पोचपावती हातात आहे म्हणून पत्र वाचले गेले असे समजणाऱ्यासारखी आपली गत.

दोन वेगळ्या कारणांनी आलेली दोन शून्ये, आणि दोन्ही वेळा ती 'वाचक नाहीत' अशी वाचली गेली. शून्याला एकच चेहरा असतो, हीच अडचण.

मग होस्टिंगच्या पॅनेलमधून किर्द काढली. ती कोणी मागितली नव्हती, तरी सर्व्हर लिहीतच होता. मात्र जागा वाचवण्यासाठी होस्टिंगवाले थोड्याच काळाच्या फाइली ठेवतात. शोधयंत्रांचे यंत्रमानव त्यात पुष्कळ असतात, ते आधी वेगळे काढले. जे उरले त्यात माणसे होती. आणि त्यांतले बहुतेक जण पहिल्या पानावर येतच नव्हते. शोधयंत्रातून ते थेट मासिकाच्या एखाद्या अंकाच्या पीडीएफवर येत होते, ती उतरवून घेत होते आणि जात होते. पीडीएफमध्ये हा तुकडा बसत नाही. तो फक्त वेबपानावर असतो. म्हणजे मोजणी धडधाकट चालू असती, तरी मंडळाचे खरे वाचक तिच्यात दिसलेच नसते. वाचकांनी शोधलेले शब्द मात्र कळले नाहीत. पूर्वी ते शोधयंत्राच्या दुव्याबरोबर येत. ऑक्टोबर २०११ पासून गूगलने आधी लॉगिन केलेल्यांचे आणि २०१३ मध्ये जवळजवळ सर्वांचेच शब्द झाकले. त्याआधीच्या किर्दींत मराठी शोधशब्द टक्केचिन्हे आणि आकड्यांच्या माळांत दिसत. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, म्हणून एकट्या 'म'साठीही टक्केचिन्हांची तीन जोडकी लिहावी लागतात. कोणी त्या माळा उलगडून ठेवल्या असतील, तर मराठी वाचक वीस वर्षांपूर्वी काय शोधत होता याचे ते अस्सल साधन आहे.

ठराव मांडला गेला नाही. नूतनीकरण झाले.

मोजणीतून गळलेले

जुन्या तुकड्यांनी काय मोजले याइतकेच त्यांनी काय गाळले हे महत्त्वाचे आहे. २०१६ च्या अखेरीस आलेल्या क्रोमच्या ५५व्या आवृत्तीत एक नियम होता. टूजी जोडणीवर असताना, पानाचे वाचन अडवून दुसरीकडून मागवलेली आणि ब्राउझरच्या साठ्यात नसलेली स्क्रिप्ट आणायचीच नाही. पान लवकर दिसावे हा हेतू चांगलाच होता. पण २००७ ते २००९ मधला 'जीए.जेएस'चा तुकडा नेमका याच पद्धतीने स्क्रिप्ट मागवी. ज्या संकेतस्थळाने तो बदलला नव्हता, त्याच्या मोजणीतून टूजीवरचा वाचक गळण्याची वाट उघडी झाली. आपल्याकडे टूजीवर कोण होते, हे सांगायला नको. शहरातला वाचक मोजला जायचा आणि डोंगराकडेच्या गावातला राहायचा. मग 'ग्रामीण भागात आपल्याला वाचक नाही' असा निष्कर्ष अहवालातल्या आकड्यांसह काढता येई.

फुगवटाही होता. यूए क्रमांक अंदाजाने रचून थेट गूगलच्या वहीत खोट्या भेटी पाठवणाऱ्यांचा २०१४-१५ च्या सुमारास सुळसुळाट झाला. संकेतस्थळाला पाऊलही न लावता त्याच्या अहवालात आपले नाव झळकवायचे, हा त्यांचा धंदा. लहान संकेतस्थळांच्या आकड्यांत या भुतांचे प्रमाण एवढे असे, की त्या दोन वर्षांचे आलेख पुरावा म्हणून मी तरी वापरणार नाही. गंमत अशी की हे भूत किर्दीत कधीच उमटले नाही, कारण ते दारात आलेच नव्हते.

युरोपात प्रश्न वेगळ्या बाजूने निघाला: वाचकाची ही माहिती अमेरिकेत जातेच का? ऑस्ट्रियाच्या आणि पाठोपाठ फ्रान्सच्या माहिती-संरक्षण यंत्रणेने २०२२ च्या सुरुवातीला असा वापर नियमभंग ठरवला. वही स्वतःच्या घरी ठेवणारी साधनेही होती आणि आहेत. २००७ मध्ये 'पीविक' नावाने सुरू झालेले आणि २०१८ मध्ये 'मॅटोमो' झालेले साधन त्यांपैकी एक. आपल्याकडे त्याची चर्चा मी फारशी ऐकलेली नाही.

१ जुलै २०२४ पासून 'यूए' खात्यांतले जुने अहवालही बंद झाले आणि त्यांतली माहिती पुसली जाऊ लागली. सूचना बरीच आधी दिली होती, उतरवून घ्यायलाही सांगितले होते. पण ती गेली खाते उघडणाऱ्याच्या ई-मेलवर, आणि लहान संस्थांमध्ये तो माणूस बहुधा दहा वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त परगावी गेलेला असतो. काही मंडळांकडे वार्षिक अहवालासाठी कधीतरी काढलेला एखादा आलेख छापील कागदावर आहे. तेवढाच उरला. ज्यांचे तुकडे अजून पानावर आहेत, त्यांनी निदान ते काढण्यापूर्वी उतरवून ठेवावेत: कोणता तुकडा, कोणत्या फाइलीत, कोणता क्रमांक. संकेतस्थळाची कालगणना त्यावरून लागते. आणि होस्टिंगच्या किर्दी दर महिन्याला आपल्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. त्याला पैसे पडत नाहीत.

सॅन डिएगोतल्या कंपनीचे विकत घ्यायचे उत्पादन २०१२ मध्ये बंद झाले. तिची स्क्रिप्ट गेली, चारही कुक्या गेल्या, 'यूए' गेले. एक गोष्ट मात्र अजून चालू आहे. कोणा मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली मराठी वर्तमानपत्राची बातमी उघडण्यापूर्वी तिच्या दुव्याची शेपटी पाहावी. प्रश्नचिन्हानंतर पुष्कळदा तीन अक्षरे दिसतात, यूटीएम, आणि पुढे 'सोर्स', 'मीडियम', 'कॅम्पेन'. त्यातला 'यू' अर्चिनचा आहे.